इंदूरकराचे मनोरथ



स्थापत्यशास्त्राची पदवी नुकतीच घेतलेल्या एका तरुण वाचकाचे पत्र आमच्या हाती आले आहे. पत्र मोठे आहे, आणि त्यातील इच्छा त्याहूनही मोठ्या आहेत. मेट्रोचे वर्तुळ लवकर पुरे व्हावे, सुपर कॉरिडॉरवर गगनचुंबी कचेऱ्या उभ्या राहाव्यात, उज्जैन, देवास व धार ह्यांस जोडून इंदूरचे एक महानगर व्हावे, आणि हे सर्व आपल्या ऐन उमेदीत व्हावे, असे त्याने लिहिले आहे. शेवटी एक टोमणाही आहे : जुन्या पिढीच्या माणसांना प्रत्येक नव्या खांबात संकटच का दिसते?

टोमणा आम्ही मनास लावून घेत नाही. चाळिशीतल्या माणसास जुन्या पिढीत ढकलल्याबद्दल मात्र थोडी तक्रार आहे. असो. मनोरथ असावेत, आणि ते मोठेच असावेत. 1951 च्या शिरगणतीत ह्या शहरात सुमारे 3 लाख माणसे होती. 2011 मध्ये ती 20 लाखांच्या घरात गेली. अशा शहराने ‘आहे तेवढे पुरे’ म्हणून हातावर हात ठेवून बसणे म्हणजे येणाऱ्या प्रत्येक मुलास दारातूनच परत पाठविणे होय. नर्मदेचेच पाहा. 1970 मध्ये ह्याच शहरातील लोक नर्मदेच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि 1978 मध्ये ते पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटरांचा प्रवास करून, विंध्याचा चढ चढून येथे आले. त्या वेळच्या माणसांनी लहान मनोरथ केले असते, तर आज आमच्या नळास पाणी नसते. जलूद येथेच सूर्यशक्तीवर वीज निर्माण करण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे रोखे विक्रीस काढले, आणि सामान्य नागरिकांनीही ते घेतले. आपल्या शहरास आपणच कर्ज द्यावे, ही कल्पना आम्हांस कोणत्याही मनोऱ्यापेक्षा अधिक उंच वाटते.

तेव्हा वाद मनोरथांच्या आकाराविषयी नाही. मनोरथ कशाचे करावयाचे, एवढाच आहे.

ह्या संदर्भात आमच्या तरुण मित्राने एका परदेशी माणसाची ओळख करून घ्यावी. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे विद्वान. मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पुढे नगररचनेचे आचार्य झाले. होळकर दरबाराच्या पाचारणावरून ते इंदुरास आले, आणि 1918 मध्ये त्यांनी दोन खंडांचा अहवाल दरबारास सादर केला. नव्या विश्वविद्यालयाचाही विचार त्यात आहे. म्हणजे हा माणूस लहान मनाचा नव्हता. परंतु त्याची रीत निराळी होती. तो आधी गल्लीगल्लीतून पायी हिंडला. रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये, हा त्याचा दंडक. जुन्या वस्तीतून सरळ रेघ ओढून घरे पाडण्यास त्याचा विरोध असे. एखादे पडके घर काढावे, तेथे अंगण करावे, विहीर स्वच्छ करावी, झाड लावावे, आणि बाकीची वस्ती जागच्या जागी जगू द्यावी, असे तो सांगे. भुयारी गटारांच्या खर्चिक योजनेवर त्याने कठोर टीका केली आणि मैल्याचा उपयोग बागांस व्हावा, असे सुचविले.

त्या काळी शहरास प्लेगने ग्रासले होते. दिवाळीच्या सुमारास गेडिस ह्यांनी महाराजांकडून एक दिवसाचे राज्य मागून घेतले आणि मिरवणूक काढली. तिच्यात रोगराईचे राक्षस होते, पडक्या घरांच्या प्रतिकृती होत्या, आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीर होता. त्यांच्या मागून शुभ्र वस्त्रे ल्यालेले, गळ्यात हार घातलेले झाडूवाले नव्या झाडूंसह चालत होते. त्यांच्याही मागून इंदूर नगरी देवतेच्या रूपाने आली. शेवटी उंदीर व राक्षस जाळण्यात आले. पण आम्हांस सर्वांत रुचते ती मार्गाची युक्ती. मिरवणूक नेहमीच्या ठरलेल्या रस्त्यांनी जाणार नाही, ज्या रस्त्यांवरील घरे लोक सर्वांत अधिक झाडतील व दुरुस्त करतील त्या रस्त्यांनी जाईल, असे आधीच जाहीर झाले होते. मग काय, पेठांपेठांत चढाओढ लागली आणि कचऱ्याच्या गाड्या भरभरून निघाल्या. दंडाचे भय न घालता लोकांच्या हौसेतून काम करून घेण्याचे इतके सुरेख उदाहरण आम्ही दुसरे वाचलेले नाही.

कचऱ्याशी ह्या शहराचे नाते जुनेच आहे, हे ओघाने सांगावयास हरकत नाही. 1924 मध्ये येथे निघालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी कंपोस्ट खताची जी रीत बसविली, ती जगभर ‘इंदूर पद्धती’ म्हणूनच ओळखली जाते. 2022 च्या फेब्रुवारीत देवगुराडियास दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा कारखाना सुरू झाला. घरोघरी कचरा सहा भागांत वेगळा करण्याची शिस्त लोकांनी अंगी बाणवली, आणि 2017 पासून स्वच्छतेच्या सरकारी पाहणीत इंदूर वर्षानुवर्षे देशात पहिले येत गेले. ह्याचे श्रेय पहाटे चार वाजता उठणाऱ्या सफाई कामगारांचे, आणि स्वयंपाकघरात दोन टोपल्यांच्या जागी चार टोपल्या सांभाळणाऱ्या गृहिणींचे. जे शहर एवढे करू शकते, त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा ठेवण्याचा आपणांस अधिकार आहे.

आणि म्हणूनच डिसेंबर 2025 मध्ये भागीरथपुऱ्यात जे घडले, त्याने जीव अधिक कळवळतो. तेथे पिण्याच्या पाण्याच्या मुख्य वाहिनीस गळती लागली व तिच्यात मैल्याचे पाणी मिसळले. शेकडो माणसे उलट्या-जुलाबांनी आजारी पडली, कित्येक प्राणास मुकली. एकूण किती मुकली, ह्यावरून पुढे वादही झाला. मृतांची संख्या हा वादाचा विषय व्हावा, ह्यापरते दुर्दैव कोणते? हेच ते शहर, ज्यास 2021 मध्ये देशात सर्वांत आधी ‘वॉटर प्लस’ हा मान मिळाला होता. मान खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु परीक्षकास रस्ता दिसतो, रस्त्याखालचा नळ दिसत नाही.

तत्पूर्वी 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरातील बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असता पायांखालची फरशी खचली आणि लोक खालच्या जुन्या बावडीत कोसळले. 36 जणांचे प्राण गेले. जमिनीत विहीर आहे आणि आपण तिच्या छतावर बसलो आहोत, हे त्या भाविकांपैकी किती जणांच्या ध्यानी असेल? झाकले म्हणजे नाहीसे झाले, असे आपण समजतो. कान्ह व सरस्वती ह्या आपल्या दोन नद्यांचेही तेच केले. ज्यांच्या संगमाकाठी हे गाव वाढले, त्यांस लोक नाला म्हणू लागले. कान्ह पुढे शिप्रेस मिळते. तिच्या मळाने शिप्रेचे स्नान बाधू नये म्हणून तिचे पाणी बंद मार्गाने उज्जैनच्या पलीकडे सोडण्याचा खटाटोप करावा लागतो आहे. येथे एका नदीची निगा राखली असती, तर तेथे दुसरीसाठी एवढे खोदकाम का करावे लागते?

बी.आर.टी.एस.ची कथा थोडक्यात आटोपतो, कारण ती सर्वांस ठाऊक आहे. 2013 मध्ये सुमारे 11 किलोमीटरांचा राखीव बसमार्ग मोठ्या थाटाने खुला झाला, आणि 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो उखडण्यास आरंभ झाला. तो चांगला होता की वाईट, ह्याविषयी आमच्याच घरी दोन मते आहेत. बारा वर्षांत बांधून मोडावे लागते, ते आधी नीट पायी हिंडून पाहिलेले नसते, एवढे मात्र खरे. मेट्रोचा पहिला सुमारे 6 किलोमीटरांचा टप्पा 31 मे 2025 रोजी सुरू झाला, तोही शहराच्या विरळ वस्तीच्या टोकास. राजवाड्याच्या दाट वस्तीत ती जमिनीखालून न्यावी की वरून, ह्यावर पुष्कळ खल झाला. आमचे मत विचाराल तर तेथे ती खालूनच न्यावी, मग चार वर्षे अधिक लागली तरी चालेल. पण खाली जाण्यापूर्वी खाली काय काय आहे, ह्याचा नकाशा कोणाच्या तरी हाती असावा.

तोच नकाशा आमचा सर्वांत मोठा मनोरथ आहे. पाण्याचा नळ कोठून जातो, मैल्याचा कोठून, दोन्ही एकमेकांस कोठे ओलांडतात, कोणता किती वर्षांचा जुना, झाकलेल्या विहिरी कोठे. हे सारे प्रत्येक प्रभागाच्या कचेरीत भिंतीवर टांगलेले असावे आणि कोणाही नागरिकास ते पाहता यावे. नळाच्या पाण्याची तपासणी प्रत्येक गल्लीत ठरल्या दिवशी व्हावी आणि तिचा निकाल दारावर चिकटवावा. दिसावयास ह्या गोष्टी क्षुल्लक. त्यांचे उद्‌घाटन करता येत नाही, फीत कापता येत नाही. परंतु लाखो माणसांच्या पायांखालचा नकाशा तयार करणे आणि तो दरसाल खरा ठेवणे, हे काम गगनचुंबी इमारतीपेक्षा कठीण आहे, आणि आमचा तरुण मित्र नेमके हेच शास्त्र शिकून आला आहे.

आमच्या वस्तीत तीन जुन्या विहिरी आहेत. दोहोंवर फरशी घातलेली आहे. तिसरीची जागा आता दोन-तीन वृद्ध मंडळींनाच सांगता येते, आणि ती मंडळीही ऐंशीच्या पुढची आहेत. पत्रलेखकास सवड असेल तर त्याने येत्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास मोजपट्टी व कागद घेऊन यावे. मंडळींस आम्ही बसवून ठेवतो.