पहिला अल्बम पहिल्यांदा नको

किंग क्रिम्सन ऐकायचंय, कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं : पहिल्यापासून. म्हणजे १९६९ सालच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’पासून. सांगणाऱ्याला त्यात डोकं चालवावं लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण पुस्तक आपण पहिल्या पानापासूनच उघडतो. शिवाय त्या अल्बमवरचा तो लालभडक, नाकपुड्या फुलवून किंचाळणारा चेहरा ज्यांनी एक सूरही ऐकलेला नाही त्यांनीदेखील टी-शर्टवर पाहिलेला असतो. तरी हे उत्तर मला चुकीचं वाटतं. अल्बम कमअस्सल आहे असं मुळीच नाही. अडचण अशी, की ज्या मंडळींनी तो केला त्यांचा बँड अल्बम बाजारात आल्यावर जेमतेम दोन महिने टिकला. नवख्या श्रोत्याने आधी ‘रेड’ ऐकावा, मग ‘डिसिप्लिन’, आणि त्यानंतर त्या किंचाळणाऱ्या चेहऱ्याकडे वळावं.

हिशेब नीट मांडून बघू. पहिला अल्बम १० ऑक्टोबर १९६९ रोजी आला आणि ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. त्या डिसेंबरात अमेरिकेचा दौरा संपता संपता इयन मॅकडॉनल्ड आणि मायकेल जाइल्स यांनी बँड सोडला. मॅकडॉनल्ड हे काही साथीला बसलेले वादक नव्हते. सॅक्सोफोन, बासरी आणि मेलोट्रॉन त्यांच्याकडे होतं आणि त्या अल्बममधल्या बऱ्याच चाली त्यांच्या होत्या. गायक ग्रेग लेक पुढच्या वर्षी किथ इमर्सन यांच्याबरोबर नवा संसार थाटायला गेले. मागे राहिले गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि गीतं लिहिणारे पीटर सिनफील्ड; सिनफील्डही १९७२ उजाडेपर्यंत गेले. १९६९ ते २००३ या काळात किंग क्रिम्सनचे तेरा स्टुडिओ अल्बम आले. या सगळ्यांत असलेला माणूस एकच, फ्रिप. हा बँड म्हणजे ठरावीक माणसं नसून काम करण्याची एक रीत आहे, असं ते पुढे सांगत आले. ते खरं धरलं तर रीत कळायला तिचा पहिला प्रयोग बघावा की जिथे ती पुरती मुरली तो प्रयोग, हा प्रश्न उरतोच.

क्रमाने जाणाऱ्याच्या वाट्याला काय येतं तेही पाहण्यासारखं आहे. १९७० चा दुसरा अल्बम, ‘इन द वेक ऑफ पोसायडन’, पहिल्याच्याच आराखड्यावर बेतलेला आहे : सुरुवातीला तसंच दणकेबाज जाझच्या अंगाचं गाणं, नंतर तसंच भव्य, शोकाकुल काहीतरी. त्याच वर्षाअखेरचा ‘लिझर्ड’ म्हणजे तेवीस मिनिटांची एक लांबलचक रचना आणि तिच्या अलीकडे चार विक्षिप्त गाणी. मग १९७१ चा ‘आयलंड्स’, हळवा, जागोजागी सुंदर, जागोजागी पेंगुळलेला. (त्याचं शीर्षकगीत मला फार आवडतं, पण ते पंधराव्या ऐकण्यात आवडण्याच्या जातीचं आहे.) म्हणजे श्रोत्याने दार उघडलं, दिवाणखाना पाहून तो भारावला, आणि पुढच्या तीन खोल्यांत सामान बांधाबांध चाललेली. अनेकजण इथूनच परत फिरतात आणि ‘पहिला मस्त होता, पुढे काही दम नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात. त्यांची चूक इतकीच, की त्यांनी शहाण्यांचा सल्ला ऐकला.

‘रेड’ची गोष्ट वेगळी आहे. १९७४ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला तेव्हा बँडमध्ये तिघेच उरले होते : फ्रिप, बेस वाजवणारे आणि गाणारे जॉन वेटन, आणि ‘येस’सारखा यशाच्या शिखरावरचा बँड सोडून आलेले ड्रमवादक बिल ब्रुफर्ड. ऑक्टोबरात रेकॉर्ड दुकानात पोचली तोवर फ्रिप यांनी बँड मोडल्याचं जाहीर करूनही झालं होतं. ब्रिटनच्या यादीत तो पंचेचाळिसाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही. मुखपृष्ठावर अंधारातून अर्धवट उजळलेले तीन चेहरे, आणि पाठीमागे ध्वनिमापकाची एक तबकडी, जिचा काटा लाल पट्ट्यात जाऊन टेकलेला. अल्बमचं नाव आणि त्यातला आवाज दोन्ही त्या काट्यात आहे. गंमत अशी, की मोडत चाललेल्या या घरात जुनी माणसं परत येऊन बसलेली दिसतात. पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेले मॅकडॉनल्ड सॅक्सोफोन घेऊन हजर आहेत, ‘आयलंड्स’च्या काळातले मेल कॉलिन्स आहेत. ‘प्रॉव्हिडन्स’ या तुकड्यात व्हायोलिन ऐकू येतं ते डेव्हिड क्रॉस यांचं. ते तोवर बँडमधून बाहेर पडले होते, पण ३० जूनला ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात झालेल्या मैफलीतली ती उत्स्फूर्त आठ मिनिटं अल्बममध्ये राहिली. एका चाळीस मिनिटांत या बँडचा सगळा भूतकाळ असा गोळा झालेला दुसरीकडे सापडत नाही.

आणि ‘स्टारलेस’. बारा मिनिटं अठरा सेकंदांची ही अखेरची रचना ऐकली की किंग क्रिम्सन म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. सुरुवातीला मेलोट्रॉन. हे कळफलकाचं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली व्हायोलिनच्या किंवा बासरीच्या सुराची टेप, जी आठेक सेकंद चालते आणि संपते. त्यामुळे त्यातल्या व्हायोलिनना नेहमीच थोडी थकलेली, पाण्याखालची कंपनं असतात. त्यावर गिटारची एक साधी, गुणगुणता येईल अशी धून आणि वेटन यांचा जड, घोगरा आवाज. इथवर हे १९६९ च्या बँडचंच बाळ वाटतं. साडेचार मिनिटांच्या सुमारास गाणं अचानक खाली बसतं. उरते बेसवरची तेरा मात्रांची एक घुमणारी आकृती, आणि तिच्यावर फ्रिप एकच स्वर वाजवत राहतात, दोन तारांवर आलटूनपालटून, पुन्हापुन्हा. ब्रुफर्ड सुरुवातीला फक्त इकडेतिकडे टिकटिक करतात, एखादा लाकडी ठोका, एखादी झांज, नळ गळत असावा तसे. मग तो स्वर किंचित वर सरकतो. परत तिथेच घोटाळतो. परत सरकतो. ड्रम एकेक पाऊल जवळ येतात, बेसला धार चढते. चार मिनिटं हे चालतं आणि आपण मान ताणून बसलेलो असतो. शेवटी बांध फुटतो, लय दुपटीने धावते, सॅक्सोफोन पिसाटतो. आणि त्या गदारोळातून अगदी शेवटी सुरुवातीची ती गुणगुणती धून परत येते, या खेपेला सगळी वाद्यं मिळून पूर्ण ताकदीने. ज्याच्या कानावर विलंबित ख्याल आहे त्याला एका स्वरावर इतका वेळ थांबणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. पाश्चात्त्य रॉकमध्ये मात्र एवढा धीर क्वचित कुणी धरला आहे.

दुसरा अल्बम म्हणून १९८१ चा ‘डिसिप्लिन’ का, तर ‘रेड’मधून निघालेली नाही अशी जी निम्मी गोष्ट आहे ती तिथे सुरू होते. मध्ये सात वर्षं गेली. फ्रिप अमेरिकेत राहून, डेव्हिड बोवी आणि पीटर गॅब्रिएल यांच्याबरोबर काम करून परतले होते. ब्रुफर्ड पुन्हा आले, आणि त्यांच्या जोडीला दोन अमेरिकन : गाणारे आणि गिटार वाजवणारे एड्रियन बेलू आणि बेसवर टोनी लेव्हिन. लेव्हिन यांच्या हातात चॅपमन स्टिक नावाचं वाद्य होतं, जे छेडायचं नसतं, तारांवर दोन्ही हातांची बोटं आपटून वाजवायचं असतं. मेलोट्रॉन गायब. शोकाकुल भव्यता गायब. दोन गिटार जावा बेटावरच्या गॅमेलान वाद्यमेळासारख्या एकमेकींत गुंततात. ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये त्या एकच आकृती घेऊन निघतात, एक जण मध्येच एक मात्रा गाळतो आणि दोघी हळूहळू एकमेकींपासून सरकत जाऊन पुन्हा समेवर येऊन भेटतात. आणि हे सगळं हसऱ्या चेहऱ्याने चालतं. ‘एलिफंट टॉक’मध्ये बेलू बडबड या अर्थाचे शब्द इंग्रजी अक्षरक्रमाने मोजत सुटतात आणि गिटारमधून हत्तीचा चीत्कार काढतात. ‘रेड’ आणि ‘डिसिप्लिन’ एकामागून एक ऐकले की दोन्हीकडे असलेली आणि पहिल्या अल्बममध्ये नुसती चाहूल दिलेली गोष्ट लक्षात येते : एखादी छोटी आकृती घ्यायची आणि तिला सहन होईल त्याच्या पलीकडे नेईपर्यंत सोडायचं नाही. मी फ्रिप यांची रीत म्हणतो ती ही.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा असणार. पहिल्या अल्बमशिवाय प्रोग्रेसिव्ह रॉक आज ओळखतो तसा नसता, मग त्यालाच वगळून सुरुवात करायची? महत्त्व मान्यच आहे. पण संगीताच्या इतिहासात एखाद्या अल्बमचं स्थान काय आणि एखाद्या माणसाच्या ऐकण्यात त्याचं स्थान कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि खुद्द किंग क्रिम्सनने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे. १९८१ ते १९८४ या काळात नवा चमू मैफली करत होता तेव्हा जुन्यातलं त्यांनी सोबत घेतलं ते ‘रेड’ हे शीर्षकवादन आणि १९७३ च्या ‘लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक’चा दुसरा भाग. १९६९ चं काही नाही. श्रोत्यांनी कितीही ओरडा केला तरी नाही. ज्यांना आपली ओळख नव्याने करून द्यायची होती त्यांनी कोणता कागद खिशात ठेवला, याला माझ्या लेखी पुरावा म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे : ‘रेड’ फार काळा, फार कर्कश आहे, नव्या माणसाला आधी काहीतरी मऊ द्यावं. इथे मला पहिल्या अल्बमच्या समर्थकांची थोडी मौज वाटते. त्यांचा मऊ अल्बम ज्या गाण्याने सुरू होतो त्यात गायकाचा आवाज मुद्दाम फाटका केलेला आहे, आणि त्यातल्या ‘मूनचाइल्ड’च्या बारा मिनिटांपैकी बहुतांश वेळ वाद्यं एकमेकांकडे चोरट्या नजरेने बघत असतात. त्यापेक्षा ‘रेड’मधली ‘फॉलन एंजल’ आणि ‘वन मोअर रेड नाइटमेअर’ ही सरळ कडवी-धृपदाची गाणी आहेत. शिवाय आजच्या तरुण कानांना जड गिटारचं भय उरलेलं नाही. ते मेटल ऐकत मोठे झालेत. २००१ मध्ये ‘टूल’ या अमेरिकन बँडने आपल्या काही मैफलींच्या आधी वाजवायला किंग क्रिम्सनला बोलावलं, ते आपला आवाज कुठून आला हे माहीत असल्यामुळेच. ‘प्रॉव्हिडन्स’ मात्र अवघड आहे, ते कबूल. पहिल्या वेळी ते ओलांडून पुढे गेलं तरी कुणी दंड करत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा. किंग क्रिम्सन हा मुळात रंगमंचावरचा बँड, स्टुडिओतल्या रेकॉर्डवरून त्याला जोखणंच चूक, असं त्यांचे पक्के भक्त म्हणतात. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. १९७४ चा ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ हा तथाकथित स्टुडिओ अल्बम मोठ्या प्रमाणात मैफलींच्या ध्वनिमुद्रणातून टाळ्या पुसून तयार केलेला आहे. २००३ नंतर नवा स्टुडिओ अल्बम आलाच नाही आणि तरी २०१४ पासून तीन-तीन ड्रमवादक पुढच्या रांगेत बसवून हा बँड ८ डिसेंबर २०२१ च्या टोकियोमधल्या मैफलीपर्यंत वाजत राहिला. हे सगळं खरं असूनही नवख्याच्या हाती मैफलींचा गठ्ठा देणं मला अन्यायाचं वाटतं. बंदिश ठाऊक असेल तर बढत कळते. ‘स्टारलेस’चा तो एक स्वर कुठे थांबतो हे अंगात भिनलं, की मग तीन ड्रमवादकांनी त्याला काय केलं हे ऐकण्यात मजा आहे. आधी नाही.

राहता राहिला आजच्या काळाचा प्रश्न, की अल्बम निवडायचाच कशाला. फोनवर नाव टाकावं आणि लोकप्रिय गाणी ऐकावीत. फ्रिप यांनी आपलं संगीत बराच काळ स्ट्रीमिंगपासून दूर ठेवलं होतं, २०१९ मध्ये ते खुलं झालं आणि ही सोय आली. पण सुट्या गाण्यांची यादी १९६९, १९७४ आणि १९८१ ची माणसं एका पंगतीत बसवते आणि ही तीन निरनिराळी कुटुंबं आहेत हेच लपवते. एका बैठकीत चाळीस मिनिटं ऐकण्याला पर्याय नाही, निदान या बँडपुरता तरी. ‘स्टारलेस’ आधीच्या चार तुकड्यांनी तापवलेल्या जमिनीवर पडतं म्हणून तसं उगवतं.

मग तिसऱ्या पाळीला १९६९ चा अल्बम लावावा. तेव्हा त्यातलं मेलोट्रॉन स्मारकासारखं वाटत नाही, ते पुढे कुठे गेलं हे आपल्याला माहीत असतं. मॅकडॉनल्ड यांचा पहिल्या गाण्यातला सॅक्सोफोन ऐकताना पाच वर्षांनी ते परत येऊन काय वाजवणार आहेत तेही कानात असतं. तिथून ‘लार्क्स टंग्ज’ला जा, १९९५ च्या ‘थ्रॅक’ला जा, मन मानेल तसं. ‘लिझर्ड’ची तेवढी घाई नको.