फाइल पक्व होईपर्यंत

क्लोमिफिन सायट्रेट या बीजविमोचन घडवून आणणाऱ्या औषधाचे अवयवनिहाय वितरण अभ्यासणाऱ्या वाचकांची तक्रार एकच आहे : प्रयोगाला अपक्व मादी उंदीर लागतात, आणि ते अपक्व असेपर्यंत सगळ्या परवानग्या हातात पडत नाहीत. अशा मादीच्या रक्तात स्वतःचे इस्ट्रोजेन अत्यल्प असल्याने गर्भाशय व पीयूषिका यांतील ग्राही, म्हणजे संप्रेरकाला बांधून घेणारी प्रथिने, बव्हंशी मोकळे असतात आणि किरणोत्सर्गी अणूने चिन्हित केलेले औषध तेथे किती बांधले गेले हे स्वच्छ मोजता येते. याच कारणास्तव ओईसीडीच्या गर्भाशयवृद्धी चाचणीतही अपक्व माद्यांना औषध देणे जन्मानंतरच्या २५व्या दिवसापूर्वी संपवावे लागते.

अठराव्या दिवशी आईपासून वेगळ्या केलेल्या पिलांच्या बाबतीत हाती जेमतेम आठवडा उरतो. तथापि ‘फॉर्म बी’ या प्राणिप्रयोगाच्या अर्जावरील नीतिशास्त्र समितीची मान्यता, कार्बन-१४युक्त औषधाची खरेदी आणि किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्याचा परवाना ही प्रकरणे तीन टेबलांवर एकमेकांची दखल न घेता पडून असतात. एका संस्थेत औषध पोहोचले तेव्हा माद्या ४० दिवसांच्या होऊन त्यांचा योनिमार्ग उघडला होता, तरी ‘उपलब्ध नग आधी संपवावेत’ असा शेरा लेखा विभागाने मारला. उंदीर म्हणजे कागदाचे रीम नव्हेत, हे या विभागांना कोणी तरी लेखी कळवायला हवे.

मात्र तेच नग वापरून निबंधात ‘अपक्व’ असे दडपून लिहिणारे संशोधकही कमी दोषी नाहीत. यकृतातील किरणोत्सर्गाची मोठी गणना पाहून तेच लक्ष्य-अवयव ठरवणारे हस्तलिखित अजूनही येते. वास्तविक हे औषध यकृतामार्गे मुख्यत्वे विष्ठेवाटे बाहेर पडते, म्हणून तेथील गणना मोठी असणारच, आणि मोजलेल्या किरणोत्सर्गात मूळ औषधाबरोबर त्याचे चयापचयजही असतात. शिवाय झुक्लोमिफिन व एन्क्लोमिफिन या दोन समघटकांपैकी पहिला शरीरात बराच काळ रेंगाळतो. मानवी अभ्यासांत पाच दिवसांत मात्रेचा सुमारे निम्माच भाग बाहेर पडला आणि सहा आठवड्यांनंतरही विष्ठेत अंश सापडला.

संशोधकांनी चिन्हित औषध शीतकपाटात आल्यावरच नर-मादी एकत्र सोडावेत. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचाच असतो. पिलांची जन्मतारीख, प्रतिग्रॅम ऊतकातील गणना आणि तिचे रक्ताशी गुणोत्तर न दिलेले निबंध पुढील अंकापासून न वाचता परत केले जातील.