झाडे लावा, पण कुठे?

गेल्या मे महिन्यात दुपारी दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारी ठरलेल्या असत. चक्कर येते, डोके ठणकते, पायात गोळे येतात, लघवी कमी व गडद पिवळी होते. मीठ-साखरेचे पाणी, गरज पडल्यास सलाईन व विश्रांती एवढे उपचार करून मी त्यांना घरी पाठवीत होतो. महिनाअखेर नोंदवही चाळताना ध्यानात आले, की बहुतेक पत्ते दोन-तीन वस्त्यांतलेच आहेत. एके दुपारी मुद्दाम तिकडे फेरी मारली. पत्र्याची घरे, सिमेंटचा रस्ता आणि माणसाने खाली उभे राहावे असे एकही झाड नाही! बरे करून मी रुग्णाला पुन्हा त्याच भट्टीत पाठवीत होतो.

उष्णता ही नुसती गैरसोय नव्हे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६ अंशांपुढे गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू अधिक झाले. वृद्ध, तान्ही मुले, उन्हात राबणारे मजूर आणि हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना उन्हाचा धोका अधिक असतो.

यावर झाड हे खरे औषध आहे. ते सावली देतेच. शिवाय मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे वाफेच्या रूपात सोडते व भोवतालची हवा गार करते. घामाने आपले अंग गार होते, तसेच हे. युरोपातील ९३ शहरांचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेथे सरासरी १५ टक्के जमिनीवर झाडांची छाया होती. ती ३० टक्के असती, तर शहरातील वाढीव उष्णतेमुळे होणाऱ्या दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे चाळीस टळले असते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

पण औषध योग्य रुग्णाला मिळाले पाहिजे. आपल्याकडे वृक्षारोपण होते ते जागा मोकळी असेल तिथे, नाहीतर पाहुण्यांची गाडी पोचेल तिथे. रोग एका वस्तीत आणि औषध दुसरीकडे! न तपासता चिठ्ठी लिहिण्यासारखाच हा प्रकार आहे.

तपासणीची साधने आज हाताशी आहेत. लँडसॅट उपग्रह जमिनीचे तापमान टिपतात व ती माहिती २००८ पासून सर्वांना विनामूल्य मिळते. कोणता भाग अधिक तापतो, हे त्यावरून नकाशावर दिसते. आपल्या राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरी भागात दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. पुणे-मुंबईत गणनेच्या वेळी झाडांच्या जागा नकाशावर नोंदवल्या गेल्या. मग नगरपालिकांनी का नोंदवू नयेत? उष्णतेचा नकाशा, झाडांचा नकाशा आणि दवाखान्यांतील उष्माघाताच्या रुग्णांची वस्तीवार संख्या (नावे नकोत, नुसते आकडे) ही तीन शेजारी ठेवली, की पहिला खड्डा कुठे खणायचा हे शाळकरी मुलगाही सांगेल.

नकाशा झाडाला पाणी घालणार नाही, हे खरे. पहिली तीन उन्हाळे रोप जगवावे लागते. त्याची जबाबदारी व खर्च आधीच ठरवावा. नकाशावर शंभर ठिपके वाढले म्हणून जुना वड तोडायला मोकळीक मिळत नाही. त्याच्याएवढी छाया रोपांना यायला कित्येक वर्षे लागतात. झाड निवडताना मे महिन्यात त्याला पाने असतात का, हे पाहावे. कडुनिंब, करंज तेव्हा हिरवेगार असतात. शोभेच्या पामची सावली माणसाच्या डोक्यालाही पुरत नाही.

वाचकांना एकच विनंती. नगरपालिकेत जाऊन आपल्या वॉर्डाची वृक्षगणना कधी झाली, ते विचारा. यंदा झाडे कुठे लावणार आणि तिथेच का, हेही विचारा. माझ्या नोंदवहीतले वस्तीवार आकडे मी द्यायला तयार आहे. गावातील इतर डॉक्टरांनीही ते द्यावेत. पुढच्या मे महिन्यात रोपे लहानच असतील, म्हणून तोवर दुपारी बारा ते चार उन्हात जाणे टाळा आणि पाणी भरपूर प्या. मात्र दहा वर्षांनी त्या वस्त्यांतून दुपारी कोणी चक्कर येऊन माझ्याकडे आले नाही, तर एक डॉक्टर म्हणून मला आनंदच होईल.