वाचा मराठी, माप इंग्रजी

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रात पेढे वाटले गेले. सभा झाल्या, ज्ञानोबा-तुकोबांचे स्मरण झाले, भाषेच्या प्राचीनत्वाचे दाखले दिले गेले. हे सारे उचितच होते. परंतु भाषेचा असा गौरव करणाऱ्या समाजात ज्यांची वाचाच अडलेली आहे, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले? २०११ च्या जनगणनेने देशात वाचादोष असलेल्या सुमारे २० लाख आणि श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद केली आहे. त्याच जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. या मराठी भाषकांपैकी ज्यांचे बोलणे थांबले वा अडखळले, त्यांना पुन्हा बोलते करणारे तज्ज्ञ कसे निवडले जातात आणि कोणत्या भाषेत घडवले जातात, हा प्रश्न अभिजात दर्जाच्या सोहळ्यात कोणी विचारला नाही. तो विचारण्याची वेळ आली आहे.

वाचा-भाषा उपचार, लोकांच्या तोंडी 'स्पीच थेरपी', हे शास्त्र केवळ तोतरेपणापुरते मर्यादित नाही. पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा, टाळू दुभंगलेले बाळ, स्वमग्न मूल, तंबाखूच्या व्यसनापायी स्वरयंत्र काढावे लागलेला गृहस्थ, घास गिळता न येणारा रुग्ण, दिवसभर वर्गात बोलून आवाज बसलेल्या शिक्षिका, हे सर्व या तज्ज्ञाच्या दारी येतात. १९६५ साली म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था स्थापन झाली. १९८३ मध्ये मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. मुंबईच्या नायर रुग्णालयात हे शिक्षण त्याहीपूर्वीपासून दिले जात आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायासाठी नोंदणी आवश्यक केली आणि नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद केली. पुढे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' हा स्वतंत्र प्रकार मान्य केला. कायदा आहे, संस्था आहेत, अभ्यासक्रमही आहेत. उणीव आहे ती भाषेच्या भानाची.

प्रवेशाची चाळणी

महाराष्ट्रात या शास्त्राच्या पदवीचा प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे १८० प्रश्न. त्यांत भाषेसंबंधीचा एकही नाही. वैद्यकीय प्रवेश हुकला, दंतवैद्यक हुकले, मग यादीत खाली उरलेल्या नावांपैकी एकावर बोट ठेवायचे, अशी मध्यमवर्गीय घरातील सर्रास रीत. ज्या व्यवसायाचे सारे भांडवल ऐकणे आणि बोलणे हे आहे, त्याची निवड कान आणि जीभ दोन्ही बंद ठेवून होते!

इंटर्नशिपसह चार वर्षांची पदवी संपली की पदव्युत्तर प्रवेशाची धावपळ सुरू होते. म्हैसूरच्या संस्थेची देशपातळीवरील प्रवेश परीक्षा असते, राज्याच्या सामायिक परीक्षा कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते. विद्यार्थी महिनोन्‌महिने जुन्या प्रश्नपत्रिका घोकतात. शरीररचना, श्रवणमापन, मज्जासंस्था, संख्याशास्त्र हे सारे आलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. परंतु चार पर्यायांपैकी एकावर खूण करण्याची परीक्षा उमेदवाराला रुग्णाच्या भाषेत बोलता येते का, ती ऐकून तिच्यातील दोष हेरता येतो का, हे तपासूच शकत नाही. परिणामी असे घडू शकते की, प्रवेशयादीत अग्रभागी असलेला विद्यार्थी धुळ्याच्या शेतकऱ्याच्या मुलासमोर बसल्यावर स्वतःच मूक होतो.

'पाणी' आणि 'पानी'

भाषा बदलली म्हणून काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी मराठीची घडण पाहावी. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगणे या क्रियेची आज्ञा. लेखन एकच, उच्चार दोन. 'चार' मधला च वेगळा, 'चारा' मधला वेगळा. 'माळ' आणि 'माल', 'मण' आणि 'मन', 'पळ' आणि 'फळ', 'दार' आणि 'धार', या जोड्यांतील भेद मराठी मुलाला साधावे लागतात. इंग्रजीत ळ नाही, ण नाही, धार आणि दार यांतील फरकाने तेथे अर्थ बदलत नाही. इंग्रजी पुस्तकातील र सुधारण्याचे पाठही तेथील र साठी लिहिलेले आहेत. मराठी र जिभेच्या टोकाच्या आघाताने उमटतो. मग परक्या पुस्तकाच्या यादीवरून मराठी मुलाचा उच्चार कसा मापणार?

व्याकरणाचेही तसेच. मराठीत तीन लिंगे आहेत. मुलगा 'जातो' म्हणतो, मुलगी 'जाते' म्हणते. 'घर' या शब्दाला 'त' लागताना त्याचे 'घरा' होते, 'आंबा' चे 'आंब्या' होते. 'राम आंबा खातो', पण 'रामाने आंबा खाल्ला'. भाषाविकासात मागे पडलेल्या मुलाची अडचण बहुधा अशाच जागी प्रथम दिसते. ज्या तज्ज्ञाने अनेकवचनाच्या इंग्रजी प्रत्ययापलीकडे काही अभ्यासलेच नाही, त्याच्या हातून ही अडचण निसटणार आणि उपचाराचे मोलाचे महिने वाया जाणार. त्याची किंमत मोजणार ते मूल.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. वऱ्हाडातील मूल 'काळा' ला 'काया' म्हणते, 'डोळा' ला 'डोया'. अनेक बोलींत 'पाणी' चे 'पानी' होते. हा दोष नाही, ती त्याच्या घरची बोली आहे. आईवडील, आजीआजोबा, सारे गाव तसेच बोलते. ज्याला बोली ठाऊक नाहीत असा तज्ज्ञ या निरोगी मुलाच्या कपाळी 'उच्चारदोष' असा शिक्का मारू शकतो. उलट त्याच गावातील खरोखर अडलेल्या मुलाची अडचण 'गावाकडे असेच बोलतात' म्हणून सोडूनही देऊ शकतो. येथे केवळ इंग्रजीला दोष देऊन शहरी मराठी माणसाला सुटता येणार नाही. सदाशिव पेठेची मराठी तेवढी शुद्ध आणि बाकी साऱ्या अशुद्ध, हा अहंकारही तितकाच अज्ञानमूलक आहे. समरसतेच्या गोष्टी करणाऱ्यांनी बोलीचा मान रुग्णालयाच्या खोलीतही राखला पाहिजे.

अनुकरण, पण अर्धेच

आपल्याकडील अनेक गुणवंत विद्यार्थिनी पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेची वाट धरतात. तेथे पदव्युत्तर पदवीवाचून या व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि प्रशिक्षणात ४०० तासांच्या प्रत्यक्ष अनुभवाची अट आहे. परदेशी विद्यार्थिनीकडून तेथील विद्यापीठे इंग्रजीची परीक्षा मागतात आणि त्या परीक्षेत बोलून दाखवण्याचा स्वतंत्र भाग असतो. त्यांची भूमिका सरळ आहे. आमच्या रुग्णाशी बोलायचे, तर आमची भाषा आली पाहिजे. त्यात गैर काही नाही. मग हाच न्याय महाराष्ट्रात लावला की तो संकुचितपणा कसा ठरतो?

अमेरिकेचा इतिहास आणखीही काही शिकवतो. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजीतून मापून त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले जात होते. १९७० साली त्याविरुद्ध 'डायना' खटला उभा राहिला आणि शासनाला तडजोड करावी लागली. १९७५ मध्ये झालेल्या आणि पुढे विस्तारलेल्या विशेष शिक्षणाच्या कायद्याने, शक्य असेल तेथे मुलाची तपासणी त्याच्या मातृभाषेत झाली पाहिजे, असे बंधन घातले. तेथील वाचातज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८५ साली अल्पसंख्य भाषिकांच्या उपचाराविषयी आपली भूमिका जाहीर केली. इंग्रजीचा जयघोष करणाऱ्यांना अमेरिकेची पुस्तके आणि चाचण्या चालतात. स्वतःची चूक सुधारण्याचा तिचा प्रामाणिकपणा मात्र त्यांना दिसत नाही. मेकॉलेने १८३५ साली पेरलेले बीज इतके खोल रुजले आहे की, नक्कल करतानाही नेमके उपयुक्त तेवढे वगळले जाते.

घरात भाषा बंद करण्याचा सल्ला

या अर्धवट अनुकरणाचे सर्वांत कटू फळ म्हणजे पालकांना दिला जाणारा एक सल्ला: 'मूल बोलत नाही ना, मग घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला.' दोन भाषा ऐकल्याने मूल बोलण्यात मागे पडते, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. स्वमग्न वा डाऊन सिंड्रोम असलेली मुलेही दोन भाषा आत्मसात करू शकतात, असे अभ्यास सांगतात. तरीही आजीची गोष्ट, आईची अंगाई, बाबांची थट्टा यांना घरातून हद्दपार केले जाते. ज्या मुलाला शब्दांची सर्वाधिक गरज, त्याच्याच कानावरून शब्द काढून घेतले जातात. मोडक्या इंग्रजीत चार आज्ञा देणारी आई मुलाशी किती बोलणार? कर्णबधिर बालकाच्या कानात शासनाच्या साहाय्याने लाखो रुपयांचे यंत्र बसवले जाते. त्या यंत्रातून त्याने प्रथम कोणाचा शब्द ऐकायचा? आईचाच ना?

येथे पालकांनीही स्वतःला तपासावे. मुलाच्या शाळेच्या प्रतिष्ठेपायी तज्ज्ञाकडे इंग्रजीचा आग्रह धरणारे पालक थोडे नाहीत.

आक्षेप आणि उत्तर

'विज्ञानाला भाषा नसते', असा एक आक्षेप घेतला जातो. स्वरयंत्राची रचना लंडनला आणि लातूरला एकच, हे मान्य. परंतु या शास्त्राचा विषय नुसते स्वरयंत्र नाही, बोलणे हा आहे, आणि बोलणे नेहमी कोणत्या तरी एका भाषेत असते. दुसरा आक्षेप असा की, विद्यार्थी सर्व प्रांतांतून येतात, त्यांच्यावर मराठी का लादायची? लादण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक प्रांतात तेथील रुग्णाची भाषा, हे सूत्र आहे. चेन्नईत तमिळ, महाराष्ट्रात मराठी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. केंद्रस्थानी रुग्ण असावा, एवढेच.

ज्या भूमीत शिक्षा हे वेदांग म्हणून उच्चारशास्त्राचा अभ्यास झाला, जिथे वर्णमालाच कंठ, टाळू, मूर्धा, दंत, ओठ अशा उच्चारस्थानांच्या क्रमाने रचली गेली, तेथे या विषयाचा अभ्यास परक्या अक्षरमालेपासून सुरू व्हावा, हे लाजिरवाणे आहे. मात्र पूर्वजांचा अभिमान पुरेसा नाही. अभिमानातून चाचणी तयार होत नाही. त्यासाठी शेकडो मुलांचे बोलणे वयोगटानुसार, बोलीनुसार नोंदवावे लागते. म्हैसूरच्या संस्थेत कन्नड भाषेची उच्चारचाचणी १९७० च्या दशकातच सिद्ध झाली. कन्नड भाषकांनी भाषणांबरोबर हे कामही केले.

काय करता येईल?

पदव्युत्तर प्रवेशात लेखी परीक्षेच्या जोडीला एक छोटी प्रत्यक्ष परीक्षा ठेवावी. ध्वनिमुद्रित बोलणे ऐकून उमेदवाराने त्यातील वैशिष्ट्ये नोंदवावीत आणि स्वतः निवडलेल्या एका भारतीय भाषेत रुग्णाशी संवाद साधून दाखवावा. महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी पदव्युत्तर प्रबंधांचा निश्चित वाटा मराठी आणि तिच्या बोलींसाठी राखावा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाविज्ञान विभाग आणि रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ यांना या कामात जोडून घ्यावे. राज्याच्या आरोग्य विद्यापीठाने मराठी चाचण्यांचा एक सामायिक संग्रह सर्व रुग्णालयांना खुला करावा.

प्रवेशाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही शासनाची वाट पाहत बसू नये. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी ना. गो. कालेलकरांचे 'ध्वनिविचार' ठेवावे. सुटीत आजोळी जाऊन लहान मुलांचे बोलणे टिपावे, अंगणवाडीत बसावे, बोली ऐकाव्यात. यातून प्रवेश परीक्षेचा एखादा गुण वाढेल न वाढेल, पण हातून घडणारा उपचार निश्चित सुधारेल. वस्त्यांवर सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी दोन-अडीच वर्षांचे न बोलणारे मूल दिसताच 'बोलेल हळूहळू' असे म्हणून न सोडता आधी श्रवणतपासणी करून घ्यावी. आणि घरात हुशार, संवेदनशील, कान तयार असलेली मुलगी असेल, तर पालकांनी हा व्यवसाय नाइलाज म्हणून नव्हे, पहिली पसंती म्हणून तिच्यासमोर ठेवावा.

भाषेचा दर्जा राजपत्राने मिळतो, तिचे आयुष्य मात्र बोलणाऱ्यांच्या मुखी असते. अडलेल्या एका जिभेवर 'आई' हा शब्द आणणारा तज्ज्ञ मराठीसाठी जे करील, ते शंभर गौरवसोहळे करू शकणार नाहीत. असे तज्ज्ञ मराठीच्या मापाने निवडणे आणि घडवणे, हे महाराष्ट्राचे कर्तव्य आहे.