शागिर्दीही करावी, उस्तादीही

वर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. फळ्यापाशी उभे राहून बोलणारे सर आणि बाकावर बसून ऐकणारी मुले. शाळा असो, मदरसा असो की खासगी क्लास, बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची जागा ठरलेली. या जागा कधी बदलायच्याच नसतात, असे आपण धरून चालतो. आपल्या नगर जिल्ह्याचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 पासून मार्च 1945 पर्यंत इंग्रज सरकारने काँग्रेसच्या नेत्यांना डांबून ठेवले होते. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव अशी ही मंडळी. त्यांच्यात कोणी अरबी-फारसीचा जाणकार होता, तर कोणी संस्कृत-पालीचा. याच किल्ल्यात 1944 मध्ये नेहरूंनी पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. प्रस्तावनेत त्यांनी सोबतच्या कैद्यांचे ऋण मान्य केले. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांची नावे तर खास घेतली. पन्नाशी ओलांडलेला, केंब्रिजला शिकलेला माणूस तुरुंगात पुन्हा विद्यार्थी झाला आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

आझादांना ही अदलाबदल कोवळ्या वयातच कळली होती. ते शाळेत गेले नाहीत, घरीच शिकले. सोळाव्या वर्षी अभ्यासक्रम संपला तेव्हा वडिलांनी पंधरा-एक विद्यार्थी गोळा केले आणि त्यांना शिकवण्याचे काम मुलाकडे दिले. रीतच तशी होती: दुसऱ्याला शिकवून दाखवल्याशिवाय शिक्षण पुरे झाले असे मानत नसत. पुढे सर सय्यद अहमद खान यांचे लेखन हाती पडले आणि आधुनिक ज्ञानाशिवाय आपले शिक्षण अपुरे आहे हे त्यांच्या लक्षात आले. मग ते इंग्रजी शिकू लागले. उस्ताद झालेला मुलगा पुन्हा शागिर्द झाला. स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री असा घडला.

यावर कोणी विचारेल, मग उस्तादाच्या अदबीचे काय? प्रश्न रास्त आहे. पण आपल्याच परंपरेकडे पाहा. इमाम अबू हनीफा यांचे शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद अल-शैबानी यांनी कित्येक मुद्द्यांवर आपल्या उस्तादांपेक्षा वेगळे मत दिले. हनफी ग्रंथांनी ती मते लपवली नाहीत, उस्तादांच्या मताशेजारी नोंदवून ठेवली. ‘इजाजत’ची पद्धतही हेच सांगते. उस्तादाने शागिर्दाला शिकवण्याची परवानगी द्यायची, म्हणजे स्वतःच त्याला आपल्या जागी बसवायचे. अदब म्हणजे गप्प बसणे, हा अर्थ आपण नंतर लावून घेतला.

किल्ल्यातल्या त्या दिवसांच्या शंभर वर्षे आधीही नगरमध्ये हे घडले होते. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार इथे मुलींच्या शाळा चालवत. त्या शाळा जोतिराव फुले यांनी पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण फॅरारबाईंकडेच घेतले. म्हणजे पुण्यात मुलींना शिकवणारी शिक्षिका नगरमध्ये विद्यार्थिनी होती. सावित्रीबाईंच्या 1856 मधल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. आपण आजारपणामुळे दूर असल्याने सगळा भार तिच्यावर पडला असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, अशी खात्री त्या पत्रात आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातील मुक्ता साळवे तर याहून पुढे गेली. तिने 1855 मध्ये आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे नियतकालिक 1842 मध्ये नगरलाच सुरू झाले होते. काही वर्षांपूर्वी मुळाक्षरे गिरवणारी मुलगी साऱ्या समाजाला प्रश्न विचारू लागली.

आज मुकुंदनगर, श्रीरामपूर, संगमनेरच्या मोहल्ल्यांत पाहा. कॉलेजात जाणारी पहिलीच मुलगी घरातले सगळे अर्ज भरते, अम्मीला औषधाच्या चिठ्ठीवरचे वाचून दाखवते, अब्बांना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवते. घरात ती शिक्षिकाच असते. वर्गात मात्र तीच मागच्या बाकावर गप्प बसते. उर्दू माध्यमातून आल्यामुळे मराठी बोलताना दखनी सूर लागतो, मुले हसतील, ही भीती. तिने न विचारलेला प्रश्न तिच्याबरोबर घरी जातो आणि परीक्षेत आडवा येतो. अशा न विचारलेल्या प्रश्नांतूनच एक दिवस ‘आपल्याला जमणार नाही’ असा निकाल ती स्वतःच देऊन टाकते.

ही कोंडी दोन्ही बाजूंनी फोडता येते. शिक्षकांनी ‘समजले का?’ एवढे विचारून पुढे जाऊ नये, ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावे, मग ते शब्द दखनी असले तरी चालतील. उत्तर ठाऊक नसेल तर ‘उद्या मिळून शोधू’ म्हणावे. त्याने शिक्षकाची पत घटत नाही. अधिक जाणणारा माणूस वर्गात हवाच. तो जागा सोडत नाही, फक्त शेजारी थोडी जागा करून देतो.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपणही प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नये. दहावी झालेल्याने आठवीतल्याला गणित समजावून सांगावे. ज्याचे मराठी चांगले त्याने उर्दू माध्यमातल्या मुलांसोबत आठवड्यातून दोन संध्याकाळी बसावे. त्यासाठी इमारत लागत नाही, देणगीही लागत नाही. मोहल्ल्यातली एखादी ओसरी पुरेशी आहे. समजावून सांगता सांगता आपल्याला काय कळलेले नाही तेही कळेल. मग दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करून तेच विचारावे.