श्रमाचे मोल

रायपूरच्या रेल्वेमार्गापलीकडे गुढियारी ही गजबजलेली वस्ती आहे. सकाळी सायकलीला जेवणाचा डबा अडकवून येथील अनेक जण उरला, भनपुरी या भागांतील कारखान्यांकडे निघतात. महिन्याअखेरीस त्यांच्या हाती पडणारी रक्कम मालकाच्या हिशेबात ‘खर्च’ म्हणून लिहिली जाते. कामगाराच्या घरी मात्र तिचे धान्य होते, मुलांची पुस्तके होतात, आजाऱ्याचे औषध होते. तेव्हा मजुरीकडे केवळ खर्च म्हणून पाहणे योग्य आहे काय, याचा विचार करावयास हवा.

भारतातील आरंभीच्या कापड गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. साप्ताहिक सुट्टी नव्हती. पगारही वेळेवर होत नसे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि ठरावीक तारखेच्या आत पगार अशा मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले.

नागपूरला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कामगारांची गैरहजेरी ही तेथील मोठी अडचण होती. केवळ दंडाचा बडगा उगारून ती सुटली नसती. व्यवस्थापनाने गिरणीत हवा खेळती ठेवण्याची सोय केली, चांगल्या कामाला बक्षिसे दिली आणि १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी सुरू केला. उद्याची थोडी शाश्वती लाभली, की माणूस आजच्या कामात टिकतो, हे त्यामागचे सूत्र होते.

अमेरिकेतील हेन्री फोर्ड यांचा अनुभव असाच बोलका आहे. त्यांच्या मोटार कारखान्यातील कंटाळवाण्या कामामुळे १९१३ मध्ये माणसे इतकी सोडून जात, की एकेका जागेसाठी वर्षात अनेकदा नवी भरती करावी लागे. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी दिवसाची मिळकत जवळजवळ दुप्पट, म्हणजे ५ डॉलर केली आणि कामाचे तास ९ वरून ८ वर आणले. सोडून जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. परंतु या वाढीबरोबर पाळतही आली. कामगार घरी कसा राहतो, हे पाहण्यासाठी कंपनीचे तपासनीस त्याच्या दारी जाऊ लागले.

येथेच एक भेद ध्यानात येतो. मालकाच्या मर्जीने मिळालेली वाढ कारखान्याचे रूप बदलते. पण ती उपकार ठरली, की कामगाराची मान वाकवते. रायपूरपासून फार दूर नसलेल्या राजनांदगावात १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला आणि कामाचे तास कमी करून घेतले. तेथे मिळाले ते हक्काने मिळाले.

मजुरी वाढली, की माल महागतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही; लहान कारखानदाराची ओढाताण खरी असते. परंतु स्वस्त मजुरीचीही किंमत असते. वारंवारची गैरहजेरी, अर्धवट शिकलेले हात, थकव्यातून होणारे अपघात ही ती किंमत होय. ती वहीत दिसत नाही, इतकेच.

१९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला, तेव्हा मजुरीला केवळ बाजारभावावर सोडता येणार नाही, हे देशाने मान्य केले. कायदा पोटापुरते देण्याची किमान मर्यादा सांगतो. प्रतिष्ठा मात्र समाजाला द्यावी लागते. संध्याकाळी गुढियारीत परतणारा कामगार रिकामा डबा घेऊन येतो. त्याचे मनही रिकामे होऊन परतणार नाही, अशी मजुरी आणि अशी वागणूक त्याला मिळाली पाहिजे.