हप्ता चालतो, विमा चालत नाही!

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी रत्नागिरीत फ्लॅट घेतला. भाट्यात आमचं वाडवडिलांचं घर आहे, पण त्याच्या उताऱ्यावर अकरा नावं. त्यातली तीन माणसं कुवेत-दुबईला, दोन कबरस्तानात. अकरा सह्या गोळा करून त्या जागेवर कर्ज मिळण्यापेक्षा भाट्याचा पूल ओलांडून शहरात दोन खोल्या घेणं सोपं. पंचवीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं, महिन्याला सुमारे २१,७०० रुपये हप्ता. पेढे वाटले गेले. दुआ झाली. कर्जावर सूद आहे, याची आठवण त्या दिवशी कुणालाही झाली नाही.

मग एका जुम्याला नमाजनंतर त्याने सहज विचारलं, "मामू, सोबत टर्म इन्शुरन्स घेऊ का?" आणि मशिदीच्या पायरीवर उभा असलेला प्रत्येक जण मुफ्ती झाला. विमा जुगार आहे. विमा म्हणजे अल्लाहवर भरवसा नसणं. मौतीवर पैसे लावायचे? तौबा!

हा लेख त्या पायरीसाठी आहे.

आधी विरोधकांचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही. ठराविक हप्ता घेऊन नफ्यासाठी चालणाऱ्या विम्यात मोठी अनिश्चितता आहे, म्हणून तो करार जायज नाही, असं जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ साली ठरवलं. त्याच ठरावात एकमेकांना सावरण्यासाठी चालवलेल्या सहकारी विम्याला मात्र मोकळीक दिली. सुदानमध्ये १९७९ पासून असा विमा चालू आहे. मलेशियाने १९८४ मध्ये तकाफुलचा कायदाच केला. दुसरीकडे मुस्तफा अज्-जर्का यांच्यासारख्या मोठ्या फकीहांनी विम्याचा करार मुळात जायज मानला. म्हणजे मतभेद आहे, आणि तो विद्वानांचा आहे. भारतात मात्र परवाना असलेली एकही तकाफुल कंपनी नाही. तेव्हा "तकाफुल घे" हा सल्ला रत्नागिरीच्या पोराला देणं म्हणजे तहानलेल्याला झमझमची महती सांगणं.

ज्याने सूद नको म्हणून कर्जच घेतलं नाही, जो भाड्याने राहिला किंवा बारा वर्षं गल्फमध्ये घाम गाळून रोख पैशाने घर बांधलं, त्याने विमा नाकारला तर माझी तक्रार नाही. त्याच्या वागण्यात मेळ आहे. माझी तक्रार आहे ती वीस वर्षांचं व्याज गिळून विम्यापाशी येऊन परहेजगार होणाऱ्यांशी. व्याजाचा हप्ता आपण 'मजबुरी' म्हणून मान्य करतो. मग त्याच मजबुरीतून उभा राहिलेला धोका बायको-पोरांच्या डोक्यावरून उतरवायची वेळ आली की मजबुरी कुठे जाते?

विनोद असा की हेच लोक एलआयसीची बचतीची पॉलिसी घेतात. त्यात बोनस मिळतो. बोनस येतो कुठून, हे विचारायचं नाही. आणि ज्यात काहीच परत मिळत नाही, ज्यात व्याज-बोनस आपल्या खिशात येत नाही, माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम मिळते, त्या साध्या टर्म पॉलिसीला जुगार म्हणायचं. सुदापासून लांब राहायचं असेल तर उलट निवड करायला हवी होती. खरं कारण फिक्हचं नाहीच. 'फुकट गेले' असं वाटणारा पैसा आपल्याला बोचतो, एवढंच आहे.

आता कर्जाबद्दल आपला दीन काय सांगतो ते पाहू. तरक्याची वाटणी होण्याआधी कर्ज फेडायचं, हे कुरआनात वारसाहक्काच्या आयतींमध्येच आहे. दोन-तीन दिनारांचं कर्ज मागे ठेवून गेलेल्या माणसाचा जनाजा समोर आला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः नमाज पढवायला नकार दिला होता. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतलं, तेव्हा नमाज झाली. दोन-तीन दिनार! आणि इथे पंचवीस लाख. तवक्कुलचा अर्थ कर्जाची सोय न करता मरणं असा असता, तर त्या दिवशी जनाजा अडला नसता.

हिशेब करून बघा. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तरी या कर्जातले सुमारे साडेसतरा लाख बाकी राहतात, कारण पहिली वर्षं व्याजातच जातात. अशा वेळी कमावता माणूस गेला तर? विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. म्हणजे इद्दत पुरी व्हायच्या आत. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर घराचा ताबा. आपली जमात चांगली आहे, मी तिची निंदा करणार नाही. मय्यतीच्या घरी तीन दिवस जेवण येतं, दोन-चार महिने रेशन येतं, मुलांची फी कुणीतरी भरतं. पण २४० हप्त्यांचा चंदा कुठल्या मोहल्ल्यात होतो ते मला दाखवा.

"आमचा विमा आहे" म्हणणारेही नीट बघत नाहीत. ईसीआर पासपोर्टवर गल्फला जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दहा लाखांची, पण अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. कॅम्पमध्ये रात्री झोपेत हृदय बंद पडलं तर तिचा आधार नाही. खलाशांसाठी मत्स्य संपदा योजनेत पाच लाखांचं संरक्षण आहे, तेही अपघाताचंच. बँकेच्या खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून मिळणारी जीवनज्योती कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख देते. जरूर घ्या. पण पंचवीस लाखांसमोर ते दोन लाख आहेत.

मरणाइतकीच दुसरी भीती आहे, तिच्याबद्दल पायरीवर कुणी बोललंच नाही. खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला असतो, लाटा तिथेच उंच फुटतात. होडी आपटून कमरेचं हाड गेलेला माणूस जिवंत असतो, हप्ता चालूच असतो, आणि साधी टर्म पॉलिसी त्याला एक पैसा देत नाही. त्यासाठी कायम अपंगत्वाचं आणि गंभीर आजाराचं जोडसंरक्षण वेगळं घ्यावं लागतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत दोन महिने कमाई थांबते, तेव्हाच घरात काय ताण होतो ते आपल्याला माहीत आहे. ते दोन महिने कायमचे झाले तर काय, हे मोजून मग रक्कम ठरवा.

एवढं सांगून भाच्याला मी बँकेच्या टेबलावर पाठवलं, आणि तिथे वेगळाच खेळ निघाला. कर्जाच्या कागदांतच विम्याचा अर्ज टाचलेला. एकरकमी साठ हजारांचा प्रीमियम, तो कर्जातच मिळवलेला. साहेब म्हणाले, "हे कंपल्सरी आहे." नाही. कर्जासाठी आमचाच विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. साठ हजार कर्जात मिळवले की त्यावर वीस वर्षं व्याज, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास जातात. शिवाय विम्याची रक्कम दरवर्षी घटणारी, मुदत दहाच वर्षं, आणि पैसा आधी बँकेकडे. पायरीवरचे लोक ज्याला सूद म्हणत होते तो खरा इथे होता, विम्यावरचा सूद, पण त्याबद्दल बोलायला कुणीच आलं नाही. अशी पॉलिसी गळ्यात पडलीच असेल तर कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. आणखी एक गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. बँका कर्जासोबत बहुतेक वेळा विकतात ती ग्रुप पॉलिसी, तिच्यावरचा राहिला.

म्हणून स्वतंत्र टर्म पॉलिसी घ्या, न घटणारी, कर्जाच्या मुदतीइतकी किंवा जास्त. आणि ती घेताना एक जुना कायदा वापरा, जो आपल्या वकिलांनाही क्वचित आठवतो. १८७४ चा विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा. त्याचं सहावं कलम १९२३ पासून आपल्या भागातल्या मुसलमान नवऱ्याने घेतलेल्या पॉलिसीलाही लागू आहे. अर्जात तसं नमूद केलं की ती रक्कम बायको-मुलांचा ट्रस्ट बनते. नवऱ्याच्या कर्जदारांचा, दुकानाच्या उधारीवाल्याचा, कुणाचाच तिच्यावर हात पडत नाही. बँकेचं कर्ज फेडायचं, की घर विकून कर्ज मिटवायचं आणि पैसा मुलांसाठी ठेवायचा, हे बँक नाही, ती बाई ठरवते. पण सांभाळून: एकदा नाव घातलं की बदलता येत नाही. तलाक झाला तरी नाही. ज्यांना ही अट जाचते त्यांनी का जाचते ते स्वतःला विचारावं.

आणि अर्जात खोटं लिहू नका. एजंट 'शुगर नाही, तंबाखू नाही' असं भराभर टिक करतो. विमा कायद्याच्या ४५व्या कलमाप्रमाणे तीन वर्षं झाली की कंपनी कुठल्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवू शकत नाही. पण त्या तीन वर्षांत लपवलेली शुगर सापडली तर दावा अडतो.

भाच्याचा अर्ज आम्ही घरी बसून भरला. भाचेसून शाळेत शिकवते, फ्लॅटच्या कर्जावर तिचीही सही आहे. तिने सगळी पानं वाचली, नवऱ्याची शुगर खरी लिहायला लावली, मग पेन खाली ठेवून मला विचारलं, "मामू, सहकर्जदार मीही आहे. मी गेले तर अर्धा हप्ता कोण भरणार? माझा अर्ज कुठंय?"

पायरीवर तो प्रश्न कुणालाही सुचला नव्हता. मलाही नाही. दुसरा अर्ज मागवला आहे.